नळाची वेळ सात ते चार

लिंडलवेलला उतरलात तर आधी वास येईल,
मग गाव दिसेल.
ओलसर काडेपेटीचा, उकडून विसरलेल्या अंड्याचा वास.
नाकाला रुमाल लावू नका.
तीच आमची इस्टेट.

स्टेशनच्या पाटीवर नावापुढे 'स्पा' लिहिलंय.
नाव दर पाच वर्षांनी रंगवतात,
'स्पा'ला कुणी हात लावत नाही.
रेल्वे म्हणते ते काम नगरपालिकेचं,
नगरपालिका म्हणते, रेल्वेला विचारा.

पंपघराची किल्ली माझ्याकडे असते, एकोणीस वर्षं.
माझ्याआधी मर्टल आत्याकडे,
तिच्याआधी तिच्या सासूकडे,
जी कडक इस्त्रीचा ॲप्रन बांधून
चाकाच्या खुर्चीतल्या बड्या लोकांना पेले भरून द्यायची.
पेल्याला एक पेनी,
पिऊन तोंड वाकडं केलं तर दोन.
गावात अजून सांगतात हे.
खरंखोटं तीच जाणे.

आता खांबांच्या मधोमध कॉफीचं मशीन फुसफुसतं.
संधिवाताचे सरदार जिथे महिना महिना राहायचे
त्या हॉटेलात फ्लॅट झालेत,
लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे अडकते ती अडकतेच.
टेकडीवर पाच वृद्धाश्रम,
खाली बाजारात चार दुकानं, गेलेल्यांचे कोट
कर्करोगाच्या मदतीसाठी विकणारी.
मला मिळाला एक, लोकरीचा, खिशात पेपरमिंटसकट.

रविवारी बागेत बँड.
नऊ वाजवणारे, अकरा ऐकणारे,
त्यातल्या तिघी वाजवणाऱ्यांच्या बायका.
पाऊस आला तरी कुणी उठत नाही.
पाऊस इथला पाहुणा नाही, भाडेकरू आहे,
आणि भाडं थकलेलं.

सकाळी सातला मी नळ सोडते.
तो आधी खोकतो, मग तांबूस थुंकतो, मग वाहायला लागतो.
बाहेर बर्फ असो, पाणी कोमटच,
कुणी नुकताच त्यातून हात काढून घेतल्यासारखं.

रांगेत बेकरीवाली ओटिली,
जी पावात हेच पाणी घालते आणि कबूल करत नाही.
रात्रपाळी संपवून आलेला रोदेल,
वृद्धाश्रमातला नर्स, मनिलाजवळच्या कुठल्या गावचा,
बूट काढून पाय थेट धारेखाली.
"आमच्याकडे असं पाणी डोंगरातून फुकट येतं," म्हणतो.
इथेही फुकटच आहे रे, म्हणते मी, म्हणून तर किंमत नाही.
आणि सगळ्यांत शेवटी सिरिल पेनिफादर,
सरबताच्या दोन काचेच्या बाटल्या, बुचासकट.

मार्चमधे फलक आला : पिण्यास अयोग्य.
सोबत प्रयोगशाळेचा कागद,
जिभेला न पेलणारं कुठल्याशा धातूचं नाव.
ठोकला मीच, माझ्याच हातोडीने.
एक खिळा वाकला. तसाच ठेवला.

सिरिलने चष्मा पुसून तो दोनदा वाचला.
"तीनशे वर्षं पितोय आपण," म्हणाला.
त्याचं वय एक्क्याऐंशी. मी हिशेब मागितला नाही.

थेल्मा, त्याची बायको, टेकडीवरच्या तिसऱ्या आश्रमात.
त्याला ओळखत नाही.
मुलीला नाही, चमच्याला नाही.
पण बोट बुडवून तो तिच्या ओठांना हे पाणी लावतो,
तेव्हा ती नाक मुरडते,
बासष्ट साली ह्याच खांबाशी मुरडलं होतं तसंच म्हणे,
आणि म्हणते, "शी! माणसाला देतात का हे?"
तेवढं एक वाक्य उरलंय तिच्याजवळ.
ते ऐकायला तो रोज चढण चढतो.

फलक मी काढलेला नाही. नोकरी आहे.
त्यावर वेळ सात ते चार अशी स्पष्ट छापलीय.
सातला दहा कमी असताना मागच्या दाराशी कोण येतं,
मला काय माहीत.

काल त्याने एकच बाटली आणली.
मी विचारलं नाही.
ती रिकामीच बाजूला ठेवून
ओंजळीने घोटभर प्याला,
तोंड वाकडं केलं,
आणि खिसा चाचपून
कठड्यावर नाणी ठेवली.
दोन.